थर्मोस्टॅट काढून फेकणाऱ्या तमाम मिस्त्रींना

आपल्या इकडच्या मिस्त्री लोकांना एकदा हात जोडून विचारायचं आहे. गाडीतला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उपटून फेकायचं हे खूळ तुमच्या डोक्यात भरवलं कोणी?

माझी जुनी झेन, इंजेक्शनवाली. दिवाळी आटोपली, थंडी पडली, आणि सकाळी स्टार्ट केली की मागून काळा धूर, अंगणभर कच्च्या पेट्रोलचा वास. पहिली दोन-चार मिनिटं गाडी पेट्रोल जास्त पिते, ते मलाही कळतं. गार इंजिनात पेट्रोलची धड वाफ होत नाही म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मुद्दामच जास्त सोडतो, पूर्वी चोक ओढायचो तेच हे. पण इंजिन तापलं की ते कमी व्हायला पाहिजे का नाही? ही बया घाटंजीहून निघते ते यवतमाळ येईपर्यंत गारच असल्यासारखी वागते. अॅव्हरेज पार मातीत गेला.

आणि यांचं निदान काय? "प्लग बदलून पाहू भाऊ." बदलले. आठवड्यात नवे प्लगही काळे, बोट लावलं की कोरडी काजळी. मग एअर फिल्टर. मग इंजेक्टर सफाई. मग एक शहाणा म्हणाला, धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त करायला सांगणारा ऑक्सिजन सेन्सर गेला. अरे, तो सेन्सर स्वतःच तीनशेक डिग्रीला तापल्याशिवाय धड सांगत नाही, आणि गाडीचं पाणी गार असेपर्यंत ईसीएम त्याचं ऐकतही नाही! "बदलून पाहू" म्हणजे माझ्या पैशानं पाहू. गॅरेजमध्ये मल्टिमीटर आहे, पण धूळ खात खिळ्याला टांगलेला.

चहाच्या टपरीवरचे इंजिनिअर वेगळेच. "पेट्रोलमधी इथेनॉल हाय ना बावा, म्हणून धूर येऊन राहिला." अहो, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यानं मिश्रण उलट लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. अॅव्हरेज थोडा पडेल त्यानं, काळा धूर कुठून येईल? पण सरकारला शिव्या देण्यात जी मजा आहे ती बॉनेट उघडण्यात नाही.

शेवटी मीच बसलो. पाण्याच्या टेंपरेचर सेन्सरची पिन काढून मल्टिमीटर लावला. गार असताना हा सेन्सर जास्त ओहम दाखवतो, तापला की कमी. सकाळच्या गारव्यात अडीच हजार ओहमच्या वर, आणि पाणी कोमट होत गेलं तसा आकडा खाली. म्हणजे सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. पाणीच गार होतं! रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून बघितलं. थर्मोस्टॅट असला तर ती होज बराच वेळ थंडी राहते, आणि पाणी ऐंशीच्या वर गेलं की एकाएकी चटका बसतो. माझी पहिल्यापासून हळूहळू कोमट. वर हायवेला वेग धरला की टेंपरेचरचा काटा खाली घसरायचा. एवढं लक्षण डोळ्यासमोर नाचत असताना एकालाही दिसू नये?

हाउसिंगचे गंजलेले बोल्ट कसेबसे सोडवले. आत थर्मोस्टॅटची जागा रिकामी. नुसतं भोक.

मिस्त्रीला जाब विचारला तर पठ्ठ्या हसतोय. "उन्हाळ्यात गरम होत होती ना भाऊ, म्हणून काढला. आपल्या इकडे त्याचं कामच काय? समद्यायचाच काढतो."

समद्यायचाच! मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मान्य. पण गाडी तापत होती कशानं? रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतून आतल्या नळ्या क्षारानं बुजल्या, त्यानं. कूलंट म्हटलं की "काहून पैसे घालता भाऊ, पाणीच टाका." ते साफ करायला मेहनत लागते, थर्मोस्टॅट फेकायला दोन बोल्ट. आणि मग थंडीत पाणी पन्नाशीतच घुटमळतं, ईसीएमला वाटतं गाडी आताच सुरू झाली, तो ओततो पेट्रोल. ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. ऑइल बघायची डिपस्टिक काढून हुंगली तर पेट्रोलचा भपकारा! म्हणजे आता ऑइलही बदला. सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काय झालं असेल, ते बघायची हिंमतच होत नाही.

प्लग, फिल्टर, सफाई, ऑइल, सगळ्याचा खर्च एका थर्मोस्टॅटच्या कितीतरी पट झाला. आणि बिल लावताना एकानंही "आम्हीच काढला होता" म्हणून तोंड उघडलं नाही.

यवतमाळहून ८२ डिग्रीचा नवा थर्मोस्टॅट आणि गॅस्केट आणलं. ते हातात घेऊन साहेब म्हणतात, "बसवून देतो, पण उन्हाळ्यात तापली तं मले सांगू नका." नाहीच सांगत. आधी रेडिएटर खोल, मग बोल.