घरातला माणूस दारू सोडून आलाय? मग हे जरूर करा

सर्वप्रथम अभिनंदन! तुमच्या घरातलं कुणीतरी व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलंय. त्याची तिकडे लवकरात लवकर परत रवानगी व्हावी, अशी तुमची इच्छा दिसतेच आहे. काही सूचना देतो, सगळ्या आमच्या घरी तपासून पाहिलेल्या आहेत.

बाहेर सांगताना ‘कंपनीच्या ट्रेनिंगला गेला होता’ असं सांगा. घरात मात्र भाजीत मीठ कमी पडलं तरी त्याच्या दारूपर्यंत या.

तो दहा मिनिटं उशिरा आला की दारातच तोंडाचा वास घ्या. आधी आईने, मग बायकोने.

केंद्रातून घरच्यांच्या मीटिंगला बोलावलं तर सांगा, मार्च एंड आहे. जुलै असला तरी चालतं.

बिनलग्नाचा असेल तर ताबडतोब उजवून टाका. ‘जबाबदारी पडली की सुधारेल.’ मुलगी काय, कुणाची तरी असतेच. आपली नसते.

डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या असतील तर बरं वाटायला लागताच परस्पर बंद करा. सवय लागते म्हणे. आम्हाला हे ज्या काकांनी सांगितलं, त्यांनी हातातली तंबाखू नीट मळून होईपर्यंत पुढचं वाक्य उच्चारलं नव्हतं.

आणि हळदीचा कार्यक्रम तर चुकवूच नका. डीजे, मटण आणि मंडपामागे ‘बसलेले’ पाहुणे. तिथे त्याला हाताला धरून न्या. ‘एकाने काय होतंय?’ ‘बायकोला घाबरतोस?’ ‘आपल्यात बसत नाहीस, मोठा झालास का?’ एवढ्यानेही तो बधला नाही, तर गेल्या आठवड्यात आमच्या मोठ्या मामांनी केलं ते करा. माझ्या धाकट्या भावाच्या कोल्ड्रिंकमध्ये त्यांनी गुपचूप दोन झाकणं ओतली. भावाने ग्लास तोंडाजवळ नेला, वास आला, तसाच खाली ठेवला. हात थरथरत होता त्याचा. मामा मांडीवर थाप मारून हसले. ‘अरे, बघत होतो, खरंच सोडलीय का!’

मामा, तो डायसल्फिरम घेतो. कळून, समजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ती गोळी सुरू असताना दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. माणूस जाऊही शकतो. गोळी थांबवली तरी दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तुमची गंमत अंगाशी आली असती तर त्याला गाडीत घालून कुणी नेलं असतं? तुम्ही? तुम्ही तर तोवर चौथ्यावर होतात.

(भिंतीवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून चहात पूड कालवणाऱ्यांनीही वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. त्या पुडीत काय असतं, हे तुम्हालाही ठाऊक नसतं.)

पुरे झाल्या सूचना. अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं 1986 साली. तेव्हापासून तिथली माणसं कानीकपाळी ओरडतायत, हा आजार आहे. मधुमेह्याच्या तोंडात तुम्ही जबरदस्तीने जिलेबी कोंबत नाही ना? मग इथेच कसली मर्दुमकी चढते?

तो ‘नको’ म्हणाला की विषय संपला. कारण विचारायचं नाही, शपथ घालायची नाही. पाणी द्या, जेवायला वाढा, नाहीतर गप्प बसा. आणि सुधारला का नाही, हे विचारायला त्याच्या बायकोला फोन करता, तेव्हा एकदा तरी ‘तू जेवलीस का’ म्हणून विचारा. गेली कित्येक वर्षं तिची झोप उडालीय, त्याचं तुम्हा कुणालाच काही नाही. तिला मी 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिलाय. फुकट आहे, मराठीत बोलतात. नातेवाइकांपेक्षा बरं बोलतात.

पुढच्या महिन्यात मामांकडे वास्तुशांत आहे. आम्ही येणार नाही. का येणार नाही, ते चारचौघांत विचारा, मी चारचौघांतच सांगेन.