अकरावर जायचं की नाही: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'विंडोज दहावरून अकरावर जायची घाई नको' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा त्यातला एक मुद्दा पटला, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता लोकांना 'थांबा' सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. 'चांगला अँटिव्हायरस असला की झालं' हे माझं वाक्य त्याहून वाईट. मशीन जुनं असेल तर अटींना बगल देऊन अकरा टाकता येतं, 'अर्ध्या तासाचं काम आहे'. तेही जमत नसेल तर सरळ नवा लॅपटॉप घ्यावा. आणि जाता जाता, 'वॉनाक्राय (२०१७ मध्ये जगभर पसरलेला, फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) विसरलात वाटतं?'

अँटिव्हायरसचं वाक्य चुकलंच. मूळ लेखात ते खोडून खाली दुरुस्ती टाकली आहे. अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा वॉचमन. मागची भिंतच पडली असेल तर तो दारात बसून काय करणार? भिंत बुजवायचं काम विंडोजच्या सिक्युरिटी अपडेटचं, आणि ते दहासाठी आता आपोआप होत नाही. मान्य.

वॉनाक्राय मात्र विसरलेलो नाही. उलट ते उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्या बाजूचं आहे. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला आलं होतं, हल्ला झाला १२ मे रोजी. मध्ये जवळजवळ दोन महिने. आणि त्यात सापडलेली बहुतेक मशीनं कालबाह्य विंडोज एक्सपीची नव्हती, विंडोज ७ ची होती, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० पर्यंत चालू होता. अपडेट होतं, घेतलं नव्हतं, एवढंच.

हे मी पुस्तकी सांगत नाही. साताऱ्याला माझे काका आहेत, निवृत्त शिक्षक, वय ७६. दिवाळीत त्यांचा कॉम्प्युटर 'अकरा करून देतो' म्हणून मीच बसलो होतो. विंडोजचं बटण आणि आर दाबून 'विनव्हर' टाइप केलं. खिडकीत आवृत्ती आली १९०९. त्या आवृत्तीला घरगुती मशीनवर अपडेट मिळणं ११ मे २०२१ लाच बंद झालंय! म्हणजे ज्या १४ ऑक्टोबरची आपण सगळे धास्ती घेऊन बसलो होतो, ती तारीख काकांच्या टेबलावर साडेचार वर्षांपूर्वीच येऊन गेली होती. विचारलं तर म्हणाले, "अरे, दुकानदारानेच बंद करून दिलंय. म्हणाला, अपडेट घेऊ नका, कॉम्प्युटर स्लो होतो." बरोबर एक अ‍ॅक्टिव्हेशनचं क्रॅकही (विकत न घेता विंडोज चालवायची चोरवाट) ठेवून दिलेलं, आणि त्यावर ओरडू नये म्हणून अँटिव्हायरसला तो फोल्डर तपासायची मनाई. त्याच मशीनवरून काका पेन्शनचं खातं बघत होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की 'करा' किंवा 'करू नका' सांगण्याआधी त्या मशीनसमोर तासभर बसावं. लेखात हे नीट उतरलं नाही, तो दोष माझा.

आता अर्ध्या तासाचं काम. काकांचं मशीन सहाव्या पिढीचं आय थ्री, रॅम ४ जीबी. अकराला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उतरू देणारी सोय). तुम्ही म्हणता तशी बगल देता येते, मलाही माहीत आहे. पण या मशीनवर विंडोज १० होतं बत्तीस बिटचं, म्हणजे जुन्या रचनेचं, आणि अकराची बत्तीस बिट आवृत्तीच नाही. म्हणजे वरच्यावर अपग्रेड नाहीच, सगळं पुसून नव्याने टाकायचं. बत्तीस बिट का ठेवलं होतं? काकांच्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरसाठी. त्याला मागे यूएसबीत एक लॉक लागतं, आणि त्या लॉकचा ड्रायव्हर बत्तीस बिटचाच आहे. चौसष्ट बिटच्या विंडोजवर तसला ड्रायव्हर चढतच नाही. लॉक नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि सॉफ्टवेअर उघडलं नाही तर काकांचं नऊ वर्षांचं काम, आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत, तीनशेच्या वर पानं, नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होऊन पडतो. युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या फाँटमध्ये काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

युनिकोडमध्ये आणायची साधनं आहेत, वापरली. वेलांट्या बऱ्यापैकी येतात, पण रफार हमखास घसरतो. जुन्या फाँटमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये त्याचा 'र्' अक्षराच्या आधी लागतो. त्यामुळे दर दोन पानांनी एखादा कुलकर्णी 'कुलकणीर्' होऊन बसतो. कुळवृत्तांतात कुलकर्णी किती असतात याची कल्पना तुम्हाला असेलच.

तेव्हा तिथे मी अपग्रेड केलं नाही. आधी सगळ्या फाइली दोन ठिकाणी उतरवल्या आणि प्रत्येकीची पीडीएफ केली. मग इंटरनेटची वायर काढून टाकली. ते मशीन आता फक्त टायपिंगचं. बँक मोबाइलवर, पासवर्ड बदलून. पीडीएफ न्यायला वेगळा पेनड्राइव्ह, तो दुसरीकडे कुठे लावायचा नाही अशी तंबी. तंबी कितपत पाळली जाते ते विचारू नका.

'म्हणजे जुन्याला चिकटून बसा' असा याचा अर्थ लावू नका, कारण माझ्या स्वतःच्या डेस्कटॉपवर मी अकरा टाकलंय. हे लेखात सांगायला हवं होतं. आठव्या पिढीचा आय फाइव्ह, तरी तपासणीत 'टीपीएम नाही' असा शेरा आला. तो असतो, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलवाल्यांनी 'पीटीटी' आणि एएमडीवाल्यांनी 'एफटीपीएम' या नावाखाली शोधावा. एवढ्यावरून नवं मशीन विकत घेतलेले दोघे जण मला माहीत आहेत. अपग्रेड झाल्यावर दहा दिवस मागे फिरता येतं, त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन हे सगळं एकदा चालवून बघा. टास्कबार मला डाव्या कडेला उभा लागतो, तो अकराने काढून घेतला. रोज एक शिवी जाते, पण काम चालतं.

अकरा नव्याने टाकताना एक गोष्ट तुमच्यासारखे जाणकारही विसरतात. हल्लीच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टचं खातं घालून सेटअप केला की बऱ्याच मशीनांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि तिची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाते. भाच्याने मामाच्या घरी जाऊन स्वतःचं खातं घालून सेटअप केला, तर मामाच्या डिस्कची किल्ली भाच्याकडे. बायॉसमध्ये काही बदललं की निळा पडदा किल्ली मागतो, आणि भाचा तेव्हा बंगळुरूला मीटिंगमध्ये असतो. किल्ली कागदावर लिहा आणि रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा.

अटींना बगल देऊन टाकलेल्या अकराचं दुखणंही असंच. आज चालतं. पण अशा मशीनला अपडेटचा हक्क नाही असं कंपनीच सांगते, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती तिथे आपसूक उतरत नाही, कुणीतरी परत बसून चढवावी लागते. तुम्ही स्वतःच्या मशीनवर खुशाल करा. दुसऱ्याच्या घरी करून निघून येणार असाल तर मात्र तुमच्यात आणि काकांच्या दुकानदारात मला फारसा फरक दिसत नाही.

मधला रस्ता तुम्ही मोजलाच नाही. दहासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. किंमत ३० डॉलर, पण सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर चालू केला तर फुकट. अट अशी की आवृत्ती २२एच२ (दहाची शेवटची) हवी. चालू मशीन अकरा घेत नाही आणि त्यावर नेट बँकिंगही करायचंय, अशांनी आजच नोंदणी करावी. त्या तारखेपर्यंत विचाराला वेळ मिळतो. ब्राउझर आणि मेल एवढंच काम असेल तर जुन्या मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकून बघायलाही हरकत नाही; माझ्या बहिणीकडे दीड वर्ष बिनबोभाट चालू आहे.

नव्या लॅपटॉपबद्दल काय बोलू? चाळीस-पन्नास हजार 'सरळ' खर्च करणारी घरं असतील, त्यांनी जरूर घ्यावा.

काकांची अजून अडीचशे पानं युनिकोडमध्ये आणायची आहेत. रविवारी मी साताऱ्यालाच आहे. तुमच्याकडचा तो अर्धा तास मोकळा असेल तर या, रफार तुम्ही बघा, चहाचं मी बघतो.