बकनरच्या पायातून बॉल गेला, सिरीज नाही

ती क्लिप परत फिरायला लागलीय. माझ्याकडेच तीन ग्रुपवर आली. बेसबॉलमधल्या बॉस्टन रेड सॉक्स टीमचा बिल बकनर वाकतो, बॉल दोन पायांमधून मागे निघून जातो, आणि खाली लिहिलंय की टीम जिंकत होती, याला एक साधा बॉल अडवता आला नाही, फालतू प्लेअर होता, याच्या एकट्यामुळे बॉस्टनने १९८६ ची वर्ल्ड सिरीज (सात मॅचची फायनल, आधी चार जिंकेल तो चॅम्पियन) घालवली आणि शहराने त्याला कधीच माफ केलं नाही. क्लिप खरी आहे. खालचा मजकूर लिहिणाऱ्याने ती मॅच बघितलेली नाही एवढं नक्की.

"टीम जिंकत होती". अहो नव्हती जिंकत! २५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध सहावी मॅच, रेड सॉक्स सिरीजमध्ये ३-२ ने पुढे. नऊ इनिंगनंतर बरोबरी, म्हणून जादा दहाव्या इनिंगमध्ये बॉस्टनच्या हेंडरसनने होमरन (आपला सिक्सर समजा) मारला, मग अजून एक रन, ५-३. मेट्सचे पहिले दोघं पटापट आउट. तीन आउटला इनिंग संपते, म्हणजे आता फक्त एक आउट हवा, स्टेडियमच्या बोर्डवर बॉस्टनचं अभिनंदनसुद्धा क्षणभर झळकून गेलं म्हणे, इतकं सगळं ठरल्यासारखं होतं. तिथून गॅरी कार्टरचा हिट, केविन मिचेलचा हिट, मग रे नाइट, त्याच्यावर दोन स्ट्राइक झालेले (तीन झाले की आउट), म्हणजे अजून एकच स्ट्राइक आणि कप बॉस्टनचा, तर त्यानेही हिट मारला आणि स्कोअर ५-४. या तिन्ही हिट बॉस्टनच्या कॅल्विन शिराल्डीच्या बॉलिंगवर (पिचिंग म्हणा हवं तर). त्याला काढून बॉब स्टॅनलीला आणलं, आणि स्टॅनलीचा एक पिच भलतीकडेच गेला, कॅचर गेडमनच्या हाताला लागलाच नाही, तिसऱ्या बेसवरचा मिचेल आरामात शेवटच्या, होम बेसवर, म्हणजे एक रन. आपल्याकडे वाईड बॉल कीपरला चुकवून बाउंड्रीला जातो ना, तसंच. ५-५. बरोबरी इथे झाली, आणि बकनरने अजून बॉलला हातही लावलेला नाही! क्लिप नेमकी याच्यानंतर सुरू होते.

मग मुकी विल्सनचा तो सरपटत आलेला बॉल, पायातून गेला, दुसऱ्या बेसवरून नाइट पळत आला, ६-५. बॉल सोपा होता का, तर होता, मी बकनरची वकिली करत नाहीये, एरर ती एररच. पण अडवला असता तरी विल्सनच्या आधी पहिल्या बेसवर पोचायचं होतं आणि विल्सन जाम फास्ट, त्यावर लोक आजही भांडतात. समजा आउट झालाच असता, तरी काय मिळालं असतं? अकरावी इनिंग. कप नाही.

आणि तो तिथे उभाच का होता? बकनरचे घोटे कधीचे कामातून गेलेले, घोट्याच्या वर येणारे बूट घालून खेळायचा. मॅनेजर जॉन मॅकनामारा त्याच सिरीजमध्ये आघाडी असली की शेवटी त्याच्या जागी डेव्ह स्टेपलटनला उतरवत होता. त्या रात्री नाही उतरवलं. शिव्या घालायच्याच असतील तर पत्ता हा घ्या.

"एकट्यामुळे सिरीज घालवली" हे तर सगळ्यात मोठं. सहावी मॅच हरल्यावर सिरीज ३-३ झाली होती, संपली नव्हती! सातवी मॅच २७ तारखेला झाली, आदल्या दिवशी पाऊस होता. त्यात रेड सॉक्स ३-० ने पुढे होते. तरी ८-५ ने हरले, सातव्या इनिंगमध्ये परत रे नाइटनेच परत शिराल्डीलाच होमरन मारला. त्या मॅचची क्लिप कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण तिच्यात कोणाच्या पायातून काही जात नाही.

"फालतू प्लेअर". २७१५ हिट्स, १९८० ला नॅशनल लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सगळ्यात जास्त ॲव्हरेज, आणि ज्या वर्षावरून हसताय त्या १९८६ च्या सीझनला १०२ रन्स बॅटवर आत आणलेले. बास.

माफ न करण्याबद्दल थोडं खरं आहे. धमक्या आल्या, टोमणे खूप वर्षं चालले, शेवटी घरचे सगळे आयडाहोला राहायला गेले. पण "कधीच" नाही. १९९० मध्ये तो परत रेड सॉक्सकडेच आला तेव्हा बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्याच सीझनमध्ये या मोडक्या पायांच्या माणसाने त्याच मैदानावर बॉल बाहेर न जाता, चारही बेस पळून होमरन केला (त्याच्या करिअरमधला शेवटचा). मग ८ एप्रिल २००८, आदल्या वर्षी जिंकलेल्या टायटलचा सोहळा, पहिला बॉल टाकायला बकनर. डाव्या कोपऱ्यातून चालत आला, टाळ्या थांबेचनात, डोळे पुसले आणि जुन्या टीममेटला, ड्वाइट इव्हान्सला, बॉल टाकला. २०१९ मध्ये तो गेला.

ती क्लिप पाठवायची तर पाठवा, पण थोडी आधीपासून कापा, स्टॅनलीचा तो पिच दिसू दे.