कॅमेरा आमचा, मालकी कंपनीची?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी आई एकटी असते, म्हणून दाराशी कॅमेरा लावला. पैसे आमचे, नेट आमचं, वीजबिल आमचं. पण चित्र बघायचं तर कंपनीच्याच ॲपमधून! का म्हणून? कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवरून थेट बघायची आरटीएसपी ही पद्धत १९९८ पासून ठरलेली आहे, ५५४ हा तिचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक. कुठलाही कॅमेरा कुठल्याही रेकॉर्डरशी जुळावा म्हणून २००८ पासून ऑनव्हिफ हे सामाईक मानक आहे. तरी स्ट्रीमचा, म्हणजे त्या थेट चित्राचा, पत्ता प्रत्येक कंपनीचा निराळा, आणि माहितीपुस्तिकेत त्याबद्दल अवाक्षर नाही. त्यात एखादं अपडेट येतं आणि चालू असलेलं आरटीएसपी न सांगता बंद होतं. संताप होतो नुसता!

आवाजाची रड तर वेगळीच. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र स्वच्छ येतं, आवाज मात्र गायब. शोधत गेलं की कळतं, सेटिंगमध्ये माइक मुळात बंदच होता. शिवाय ब्राउझर आरटीएसपी थेट दाखवत नाहीत, म्हणून मध्ये रूपांतर करणारा सर्व्हर बसवा. दारात कोण आलंय आणि आईशी काय बोलतंय, एवढंच हवंय हो मला! तुमचं क्लाउड नको, त्याचा मासिक हप्ता नको. स्ट्रीमचा पत्ता खोक्यावर छापा, पासवर्ड माझा मी ठेवीन.