चौघांच्या लुडोत 'पक्की कमाई'? आधी हिशोब बघा

कोल्हापुरातल्या तालमींच्या आणि मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मोबाइलवरचा चौघांचा पैशाचा लुडो डोक्यानं खेळला तर रोजची कमाई पक्की, असं त्याचं म्हणणं. सोबत युक्त्या: दिसेल ती गोटी मारा, फासा टायमिंगनं दाबा, मित्राला घेऊन एकाच टेबलावर बसा, हरलात तर पुढची एंट्री, म्हणजे डावाला लावायचे पैसे, डबल करा. शेवटी ठसक्यात, 'कौशल्याचा खेळ आहे, कायदेशीर आहे.' मंगळवार पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत पोरं हे खरं मानून पगार घालवायला लागली आहेत, म्हणून हे लिहितोय.

आधी पैशाचं बघू. चौघांनी 50-50 टाकले की 200 जमतात. समजा ॲप चालवणाऱ्यानं त्यातले 30 कापले, तर जिंकणाऱ्याला 170. चौघंही सारख्याच तयारीचे असतील तर 100 डावांत तुम्ही साधारण 25 जिंकणार. गेले 5000, आले 4250. नुसतं बरोबरीत राहायलाच 100 पैकी 30 डाव मारावे लागतात, आणि समोरच्या तिघांनीही हाच मेसेज वाचलेला असतो.

'दिसेल ती गोटी मारा' हा सल्ला दोघांच्या लुडोतला आहे. दोघांत समोरच्याचा तोटा म्हणजे सगळा तुमचा फायदा. चौघांत तुम्ही लाल मारली की हिरव्या-पिवळ्याचं फुकटात भलं होतं, आणि उघड्यावर उभी राहते ती तुमची गोटी. परत तुमची पाळी येईपर्यंत तिघं फासा टाकणार. मागं सहा घरांच्या आत एकाच खेळाडूची एक गोटी असेल तर मार बसायची शक्यता साधारण 17 टक्के. दोघांची एकेक असेल तर 31, तिघांची असेल तर 42. गुणांवरच्या, वेळेच्या डावात तर 40 घरं चाललेली गोटी मेली की 40 गुण गेले. पाच घरं चाललेली मेली तर पाचच. म्हणून पुढं गेलेली गोटी आधी ताऱ्यावर, म्हणजे जिथं ती मारता येत नाही त्या घरावर, न्यावी. मारायचीच तर घराच्या तोंडाशी आलेली मारावी, किंवा जिथं उभं राहिल्यावर मागं कुणी नाही अशा जागी मारावी. डोकं लागतं, हे मला मान्य आहे. पण तुल्यबळ तिघांसमोर त्या डोक्याची कमाई कापलेल्या 30 रुपयांना पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

टायमिंगचं म्हणाल तर स्क्रीनवर फिरतो तो फासा नुसतं चित्र आहे. आकडा ॲप ठरवतं. दहा वेळा सहा पडला नाही तरी अकराव्या वेळी शक्यता सहात एकच.

मित्राला घेऊन बसणं ही उघड फसवणूक आहे. समोरचे दोघंही तेच करत असतील, कॉलवर बोलत तुमच्याच गोट्या वेचून मारत असतील, तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. आणि दोघांचे मिळून 100 गुंतवून निम्मे डाव जिंकलात तरी दर डावामागं सरासरी 85 च परत येतात.

सगळ्यात घातक म्हणजे एंट्री डबल करणं. 50, 100, 200, 400, 800, 1600. सहा डाव सलग गेले की 3150 रुपये संपले. नाणेफेकीत सलग सहा हार 64 त एकदा येते. चौघांच्या लुडोत मुळात प्रत्येक डाव हरायची शक्यता 75 टक्के, त्यामुळं सलग सहा हार जवळजवळ 18 टक्के वेळा येणार. सातव्या डावाला 3200 लागतात. शिरोली एमआयडीसीत पाळी करणाऱ्या पोरानं ते आणायचे कुठून? आधी मित्राकडून उसने, मग लोन ॲप.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्ये कौशल्याचा खेळ म्हटलं ते रमीला, लुडोला नव्हे. आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला; 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवण्यावर या कायद्यानं बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण जाहिरात करणाऱ्याला आहे, हे मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

मोठ्या ॲपनी त्यानंतर पैशाचे डाव बंद केले. उरले ते ग्रुपवरचे 'रूम कोड'वाले: ॲडमिनच्या यूपीआयवर पैसे टाका, फुकटच्या ॲपवर डाव खेळा, जिंकल्याचा स्क्रीनशॉट पाठवा. समोरच्यानं खोटा स्क्रीनशॉट टाकला, किंवा ॲडमिननं ब्लॉक केलं, की विचारायला जागा नाही. असे पैसे कुणाचे अडकले असतील तर चॅट डिलीट करू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा. जितका उशीर कराल तितके पैसे पुढच्या खात्यात सरकत जातात. घरच्यांना काय सांगायचं या लाजेपायी दोन दिवस थांबू नका.