डिसेंबरात घर बघू नका

मावसभाऊ डिसेंबरात बाइक वीक या बाइकवाल्यांच्या मेळाव्याच्या निमित्ताने गोव्यात आला होता, पुण्याहून बुलेटवर. चार दिवस वागातोर, आसगाव, शिवोली फिरला आणि जाताना आमच्याकडे साखळीला जेवायला थांबला. सोलकढीची तिसरी वाटी संपवत म्हणाला, "ताई, ठरलं. गोव्यातच घर घ्यायचं. वर्षभर गाडी चालवायला अशी हवा कुठे मिळणार?" मोबाइलवर प्लॉटचे फोटो दाखवले. टेकडीचा उतार, समोर नदी, खाली भातशेत. पाहुणा होता म्हणून मी गप्प बसले. काल त्याचा फोन आला, टोकन देऊ का म्हणून. शिवाय असं विचारणारा तो एकटा नाही, म्हणून इथेच लिहिते.

अरे बाबा, "वर्षभर" म्हणजे काय ते आधी ठरव. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सत्तरी तालुक्याकडे त्याहून जास्त. आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुणे शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याहून जास्त इथे एकट्या जुलैत पडतो. थंड देशांतले लोक म्हणे बर्फ पडायला लागला की बाइक झाकून ठेवतात. आम्ही कुठे झाकणार? साखळी, डिचोली, वाळपईकडे संध्याकाळी साडेसातनंतर बस मिळेलच असं नाही. दुचाकी हीच आमची बस. पाऊस आहे म्हणून तिला सुट्टी देता येत नाही.

माझा रोजचा रस्ता साखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, रायबंदर, पणजी. तीसेक किलोमीटर. मोसमी वारा पश्चिमेकडून, म्हणजे सकाळी कामावर जाताना पाऊस थेट छातीवर आणि संध्याकाळी परतताना पाठीवर. अठरा वर्षं हे चाललंय. रायबंदर सोडलं की पोर्तुगिजांनी 1634 च्या सुमारास बांधलेला तो लांबलचक बांध लागतो. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. आडोसा म्हणून काही नाही. तिथे आडवी सर आली की हेल्मेटची काच आतून धुरकटते, वर केली तर पाणी डोळ्यांत खुपतं. मग काच दोन बोटं उघडी ठेवायची आणि मान किंचित तिरपी. शाळेत कोणी शिकवलं नाही, पण त्या बांधावरच्या सगळ्या स्कूटरवाल्यांच्या माना तशाच तिरप्या असतात. रेनकोट कितीही भारी घ्या, सीटच्या खळग्यात पाणी साचतं आणि ऑफिसात पोचेपर्यंत नको तिथे ओल. सीटखाली एक फडकं, मोबाइलला दुधाची पिशवी आणि ऑफिसच्या कपाटात कपड्यांचा एक कोरडा जोड. घरी हेल्मेटचं अस्तर फ्रिजच्या मागे वाळवायचं. तरी ऑगस्टपर्यंत त्याला कुबट वास येतोच.

पणजीच्या स्टँडवरच्या एका म्हाताऱ्या पायलटने, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याने, मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, "बाय, मोठ्या पावसाक भियेवं नाका, पयल्या पावसाक भियेयात." आठ महिन्यांचं तेल, धूळ, टायरची झीज पहिल्या सरीत वर येते आणि रस्त्याचा साबण होतो. जुलैतला धुतलेला रस्ता त्यापेक्षा बरा, खड्डे दिसले तर.

(मांडवीवरचा अटल सेतू मात्र आम्ही पावसात आणि उन्हातही खालूनच बघायचा. त्यावर दुचाकीला बंदी आहे.)

रोज जुने गोवे ओलांडताना वाटतं, हवा-पाण्यापुढे इथल्या पोर्तुगीज राजधानीचंही चाललं नाही. हिवताप, पटकी, साथीवर साथ. माणसं उठून नदीच्या मुखाकडे सरकली आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. आमच्या आजोबांच्या पिढीला हे शिकवावं लागलं नाही. गावातली जुनी घरं बघ. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, कोणी बांधलं नाही, तिथे वारा झोडपतो आणि उन्हाळ्यात पाणी नसतं. खाली खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या सखल खाऱ्या जमिनीत, किंवा नदीकाठी नाही, तिथे पूर. घर मधे, डोंगराच्या पायथ्याशी, झाडांच्या आडोशाला. चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पुढे लांब वळचण. नदीला चिकटून राहण्याची किंमत साखळीच्या बाजारात आम्ही पाहिलेली आहे. जुलै 2021 मध्ये डिचोली-सत्तरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी घरं सोडली.

आणि आता ही "व्ह्यू"ची घरं. मागच्या जूनमध्ये एका वळणावर वरच्या बाजूला डोंगर कापून प्लॉट पाडले होते. पावसाने तांबडी माती रस्त्यावर आणून पसरली, बोटभर जाड, लोण्यासारखी गुळगुळीत. वेग वीसच्या वर नसेल. पुढचं चाक गेलं आणि मी, डबा, पर्स सगळं गटारात. गुडघ्याला सात टाके. माती कोणाची, काढायची कोणी, ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. माझा राग पावसावर नाही. डिसेंबरात येऊन, फोटो काढून, तो उतार ज्यांनी निवडला त्यांच्यावर आहे. जुलैत ते इथे नसतात, त्यांची माती असते.

तेव्हा टोकन देऊ नकोस. जुलैत ये. बुलेट घेऊन ये, चोर्ला घाटातून, आणि एक आठवडा त्या प्लॉटवरून रोज सकाळी साडेआठला पणजीला जाऊन संध्याकाळी परत ये. आमच्या अंगणाच्या चढावर मात्र जपून. शेवाळावर ब्लीचिंग पावडर मारते मी, तरी गाडी सरकते. रेनकोट आणू नकोस, माझ्याकडे जास्तीचा एक आहे. फक्त त्याच्या पँटची चेन लागत नाही.