शाल-श्रीफळ पुरे, स्कॅनर आणा

आज तालुक्याच्या गावी ‘भव्य शिष्यवृत्ती मार्गदर्शन शिबिर’ पार पडलं. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो दाटीवाटीने, विद्यार्थी एकही नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, मनोगतं, आभार. हॉलमध्ये लॅपटॉप एकच होता आणि त्यावर सत्काराचे फोटो उतरवणं चाललं होतं. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, एकही अर्ज भरला गेला नाही. एकही!

प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं उरली तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. शेजारी तिची आई, मजुरी बुडवून आलेली. मुलीने विचारलं, “सर, अर्ज मंजूर दिसतोय, बँकेत आधार लिंक आहे, तरी पैसे का नाही आले?” व्यासपीठावरून उत्तर आलं, “बँकेत चौकशी करा.” आणि राष्ट्रगीत.

अख्ख्या शिबिरातला कामाचा प्रश्न तेवढाच होता हो! त्याचं उत्तर इथे लिहितो, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बँकेने केवायसीसाठी आधार क्रमांक खात्याला जोडणं वेगळं आणि शासकीय रक्कम आधारवर जमा होण्यासाठी एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या) मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे त्या यादीत, बँकेची नोंद असणं वेगळं. एका आधारची मॅपरमध्ये एका वेळी एकच बँक असते, जी शेवटी नोंदली ती. या मुलीचं आठवीत शाळेने एक खातं उघडून दिलं होतं. अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी द्यावी लागते, ती कुणी दिली नाही, म्हणून ते खातं बंद पडलं. कॉलेजात आल्यावर दुसऱ्या बँकेत नवं खातं काढलं, त्यालाही आधार दिला, पण फक्त केवायसीपुरता. मॅपर अजून आठवीतल्या खात्याकडेच बोट दाखवतोय. पैसे तिथे जाऊन धडकले आणि माघारी आले. बँकेतला माणूस ‘लिंक आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फक्त त्याने वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं.

हे घरबसल्या तपासता येतं. माय-आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत गेलं की ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे मॅपरमधली नोंद, दिसतं: बँकेचं नाव, आणि जोडणी चालू की बंद. नाव भलत्या बँकेचं निघालं तर आपल्या बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असं स्पष्ट म्हणायचं (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात), संमतीपत्र भरून द्यायचं, पोच घ्यायची. थोड्या दिवसांनी स्टेटस पुन्हा बघायचं. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हटलंत की पुन्हा केवायसीच होणार. मॅपिंग बदललं की अर्ज क्रमांकासह कॉलेजला आणि योजनेच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवून अडकलेली रक्कम पुन्हा पाठवायला लावायची. विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये व्हाउचर ‘रिडीम’ करायचं बाकी दिसत असेल तर तेही उरकून टाका.

झालं. इतकंच सांगायचं होतं. वाघिणीच्या दुधावरच्या भाषणातून दहा मिनिटं काढली असती तर तिच्या आईचा रोज वाया गेला नसता.

त्याहून जास्त संताप पाहुण्यांच्या एका वाक्याचा आला: “मुलींचं शिक्षण शासनाने मोफत केलंय, आता काळजी सोडा.” टाळ्या! अहो, 8 जुलै 2024 चा तो शासन निर्णय वाचलाय का? ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसीतल्या मुली, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत, व्यावसायिक अभ्यासक्रम, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून. माफ होते ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. वसतिगृह, मेस, इतर फी, यातलं काहीही नाही. मॅनेजमेंट कोट्याला नाही, खासगी अभिमत विद्यापीठांना नाही. आणि अर्ज दरवर्षी भरावाच लागतो! ‘मोफत’ ऐकून घरी गेलेल्या आया अर्जच भरणार नाहीत, मग वर्षाच्या शेवटी कॉलेज पूर्ण फी मागेल. त्या वेळी हे पाहुणे कुठे असतील?

मान्य, पाहुणे असले की हॉल फुकट मिळतो आणि गर्दी जमते. बरं, या. खुर्चीवर बसा. माईक मागू नका.

माझ्या मते शिबिरं दोन हवीत. पहिलं एप्रिल-मेमध्ये, फक्त कागदांचं. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून नवं वर्ष लागताच अर्ज टाकायचा. सेवा हक्क कायद्यात त्याला 15 दिवसांची मुदत आहे, पण जून-जुलैत प्रवेशाची झुंबड उडाली की तहसीलच्या सर्व्हरसकट सगळं गुडघे टेकतं. कुठल्या योजनेची मर्यादा किती, हेही तेव्हाच सांगायला हवं. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शुल्क योजनेला 8 लाख. अडीचच्या वर गेलेली अनुसूचित जातीची मुलं ‘आपल्याला काही नाही’ म्हणून गप्प बसतात, त्यांच्यासाठी शिक्षण फी-परीक्षा फीची वेगळी योजना आहे. जात पडताळणीचा विषय तर अकरावी-बारावीतच काढायला हवा. ओबीसींना 1967 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 1961 पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना 1950 पूर्वीचा पुरावा शोधायचा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा. तो आठवड्यात हाती येत नसतो.

दुसरं शिबिर अर्जांचं. तिथे भाषण नाही, टेबलं. पहिल्या टेबलावर फक्त नावं जुळवायची. आधारवर ‘सुनिता’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘सुनीता’, रेशनकार्डावर माहेरचं नाव: अर्ज इथेच अडकतो. दुसऱ्यावर स्कॅनर. पोर्टलला फाइल 15 ते 256 केबीची लागते, जेपीजी किंवा पीडीएफ. मोबाइलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा, तो दाबून दाबून इतका पुसट करतात की दाखल्याचा क्रमांकच वाचता येत नाही, आणि छाननीत अर्ज परत येतो. सरळ स्कॅनरवर 150 डीपीआयला, करड्या छटांत काढा, एका पानाला बहुधा भागतं. तिसऱ्यावर अर्ज, आणि शेवटच्यावर ते बँक सीडिंग. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे हॉटस्पॉट आणि भरपूर एक्स्टेन्शन बोर्ड हवेत. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात शिबिर ठेवू नका, पोर्टल फिरत बसतं.

नेट कॅफेवाल्यांबद्दल लिहायचं टाळणार होतो. सगळे वाईट नाहीत, काही जण रात्री उशिरापर्यंत पोरांचे अर्ज भरतात, हेही खरं. पण अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर टाकणं आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवणं याला काय म्हणायचं? अर्ज ‘सेंड बॅक’, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, झाला की मेसेज त्याच्या फोनवर जातो. मुलीला वाटतं अर्ज सुरळीत पुढे सरकतोय, आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते. शिबिरात प्रत्येकाने युजरनेम, पासवर्ड आणि अर्ज क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या हाताने लिहिल्याशिवाय त्याला खुर्चीवरून उठू देऊ नये.

कॉलेजच्या क्लार्कलाही शिव्या घालून उपयोग नाही. शेकडो अर्जांमागे एक माणूस असतो आणि त्याच्याकडे परीक्षेचे अर्जही असतात. त्याच्या टेबलावर अर्ज स्वच्छ पोचला तर तोही पुढे पाठवतोच. मुलांनी आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते बघावं: क्लार्क, प्राचार्य की विभाग. ‘सबमिट झालं म्हणजे संपलं’ ही समजूत सगळ्यात महागात पडते.

ती मुलगी बाहेर भेटली. हॉलच्या पायऱ्यांवर बसून तिच्याच फोनवर स्टेटस काढलं, बँकेचं नाव जुनंच निघालं. आई म्हणाली, “म्हणजे पैसे बुडाले नाहीत ना, दादा?” बुडाले नाहीत. पुन्हा मागावे लागतील, आणि मागताना हाती कागद लागेल. सोमवारी बँकेत जाताना सोबत जातोय.

आता कामाचं. पुढच्या रविवारी वाचनालयात शिबिर ठेवतोय, पाहुण्यांशिवाय. दोन लॅपटॉप आहेत, स्कॅनर नाही. कुणाच्या ऑफिसात पडून असेल तर कळवा. येणाऱ्या मुलांनी मूळ कागद आणावेत, झेरॉक्स चालणार नाही. आणि आधारला जोडलेला फोन सोबत हवाच. तो वडिलांकडे कामावर असेल तर वडिलांनाच घेऊन या, ओटीपीची वाट बघत अर्धा दिवस जातो.